उघाडीचे खिळे

“ही भाकरी हाय का पत्रा? वाजवून बघ. वाजव!”

कमळाकर शेटनं भाकरी खानावळीच्या काउंटरवर आपटली. खरंच टक् झालं. कोपऱ्यात जेवायला बसलेल्या माणसांनी ताटातून मान वर केली.

“घरातनं निघाली तवा मऊ व्हती,” हितेश म्हणाला.

“घरातनं निघालास तवा तू पन मऊ व्हतास. माझ्या गिऱ्हाइकानं काय तुमच्या चुलीपाशी येऊन बसायचं?”

“सायकल पंक्चर झाली.”

“आनि परवा?”

“पंक्चर.”

“त्याच्या आधी? थांब, बोलू नको, मीच सांगतो. पंक्चर!” शेट गिऱ्हाइकांकडे बघून हसला. गिऱ्हाईकं पण हसली. एकजण तर रस्सा फुर्र करून हसला.

हितेशचं डोकं सटकलं. “तुमच्या कामोठ्यातल्या बिल्डिंगी तोडतात, ते राबिट आमच्या रस्त्यावर आनून वततात. काचा तुमच्या, तारा तुमच्या. टायर आमचा.”

“ए, आवाज खाली. शालेत असंच बोलायचास म्हनून हाकलला ना तुला?”

“हाकलला नाय. मी सोडली.”

“तेच ते.” शेटनं टोपलीवरचं ओलं फडकं उचललं, भाकऱ्यांची चवड बोटानं दाबली आणि तोंड वाकडं केलं. “आयला सांग तुझ्या. भामावैनीसारखी तांदलाची भाकरी कोन करत नाय, म्हनून आजवर ऐकून घेतलं. सुकापूरची एक बाई रोज येऊन इचारते. आता एकदा जरी गार भाकरी आली ना, टोपली तशीच परत. तुझी आय रडत आली तरी.”

“माझी आय नाय रडत कुनाकडं,” हितेश म्हणाला आणि रिकामी टोपली कॅरेजला बांधताना दोरीला इतका हिसका दिला की दोरीच तुटली. ती गाठ मारून जोडायला लागली. गिऱ्हाईकं बघत होती. तुटलेल्या दोरीला गाठ मारताना माणूस रागात दिसत नाही, येडा दिसतो. हे त्याला कळत होतं, म्हणून तो अजून तापला.

कामोठ्याचे सेक्टर संपले की मोठा रस्ता, आणि मोठ्या रस्त्याला त्यांच्या गावाचा फाटा. फाट्यावर बाळूची चहाची टपरी आणि तिला चिकटून फारूकचाचाचं पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे वर निळी ताडपत्री, खाली हवेचा पंप, पाण्याचं घमेलं आणि खांबाला अडकवलेले जुने टायर. तिथून पुढं गावापर्यंत रस्ता खाडीच्या बाजूनं वळत जातो. एकेकाळी डांबरी होता म्हणतात. आता डंपर जाऊन जाऊन मधे दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या, आणि दोन्ही कडांना सांडलेलं राबिट. लादीचे तुकडे, बाथरूमच्या टाइल्स, सळईला बांधायची बारीक तार, कुणाच्या तरी किचनच्या खिडकीची काच. एकदा तर हितेशला त्यात घराच्या नावाची अख्खी पाटी सापडली होती. ‘आशीर्वाद’.

गावात आता सायकल त्याची एकट्याचीच. जमिनी गेल्या तसे पैसे आले, पैसे आले तशा बुलेट आल्या, गाड्या आल्या. त्याच्या बरोबरची पोरं पनवेलला कॉलेजला जातात, ट्यूबलेस टायरवर भुर्रकन. जाताना हॉर्न मारतात. आधी ‘चल येतोस का’ म्हणायची, आता नुसता हॉर्न. त्या रस्त्यावर समोरून डंपर आला की त्यानं कडेला उतरायचं, धूळ खायची, पुन्हा चढायचं. दुसरं कोणी बोलायला नाही म्हणून तो सायकलशीच बोलायचा, आणि ते बहुतेक शिव्याच असायच्या.

आज सकाळी वळणावर ‘फुस्स’ झालं, तेव्हा तो टोपली डोक्यावर आणि सायकल हातात धरून फाट्यापर्यंत चालत आला होता. फारूकचाचानं ट्यूब काढली, टायरच्या आतून बोट फिरवलं आणि चिमट्यानं एक खिळा ओढून बाहेर काढला.

“हे बघ बेटा. असला खिला आता बाजारात गावायचा नाय.”

खिळा चौकोनी होता. अंगानं जाड, काळा, आणि टोकाजवळ वाकडा. फारूकचाचानं तो फळीवर टाकला. कसाही टाका, वाकडं टोक वरच. पुन्हा टाकला, पुन्हा वर.

“सैतान हाय सैतान,” चाचा म्हणाला आणि खिळा नटबोल्टच्या डब्यात ठेवून दिला. त्याला असल्या वस्तू जमवायचा नाद होता.

हितेशनं तेव्हा फारसं बघितलं नव्हतं. भाकऱ्या गार होत होत्या.

घरी आला तेव्हा आई मागच्या पडवीत चुलीपाशी बसली होती. सकाळचं काम संपलं तरी ती तिथंच बसायची, तिच्या त्या काळ्या पाटावर. पाट म्हणजे काय, जाड फळी, खाली दोन पाय ठोकलेले. तवा काढून ठेवलेला, पण हात अजून लाल. उकड मळून मळून तिच्या तळव्याची कातडी पांढरी आणि चकचकीत झाली होती, पाण्यात राहिलेल्या माणसासारखी.

“शेट काय बोलला?”

“काय बोलंल? भाकरी वाजवून दाखवली.”

“उशीर का झाला पन?”

“खिला घुसला.”

भामाचा हात थांबला. “कसला खिला?”

“खिला तो खिला! राबिटातला असंल. तुला काय त्याचं लोनचं घालायचंय?”

“बरं,” ती म्हणाली. आणि राखेवर पाणी मारलं.

पुढच्या दारानं बळीरामकाकाचा आवाज आला. काका ओट्यावर खुर्ची टाकून मोबाइलवर डंपरवाल्यांशी बोलत होता. घराच्या मागं, खाडीच्या बांधापर्यंत जी शेती होती ती दोघा भावांची, सामाईक. भात कापला की त्याच ओलीवर आई वाल टाकायची. या वर्षी वाल असा माजला होता की बघत राहावं, शेंगा भरत आलेल्या. आणि पलीकडच्या टोकाकडून काका राबिटाचा भराव घालून घेत होता. रोज थोडं थोडं पुढं. जमीन वर आली की भाव येतो, म्हणायचा. हितेशचा बाप उरणला कंटेनरच्या यार्डात, तिथंच राहायचा, कधीतरी घरी यायचा. आला की जेवायचा, झोपायचा आणि भावासमोर मान खाली घालून बसायचा.

“वालाच्या शेंगा निघूपरेंत तरी थांबवा म्हनावं,” आई एकदा बापाला बोललेली.

“दादा मोठा हाय,” बाप म्हणाला. संपला विषय.

आई काकाच्या तोंडावर बोलणारी नव्हती. जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. डोक्यावर पदर ओढून बाजूनं जायची. हितेश बोलला होता एकदा, तर काकानं अख्ख्या आळीसमोर म्हटलं, “धावी नापास मना जमिनीचं शिकवतंय!” नापासही नव्हता तो. परीक्षेला बसलाच नव्हता. पण ते आळीला कोण समजावणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं माळ्यावरून फुटका स्पीकर काढला. शेजारच्या हळदीत डीजेवाल्यानं जाळलेला, तेव्हा मागून आणलेला. त्याचं मागचं लोहचुंबक त्यानं ठोकून सुटं केलं, चांगलं भाकरीएवढं, जड, सायकलच्या मागं दोरीनं बांधलं आणि रस्त्यावरनं फरफटत नेलं. ओट्यावरनं काका हसला. “वरातीत कुत्रं बांधलंय काय रं?”

ज्याला उत्तर द्यायचं नाही त्याच्या बाजूला थुंकायची हितेशला सवय होती, तेवढं केलं.

चुंबकाला बारीक तारेची दाढी आली. पत्र्याचे कपटे, स्क्रू, एक मोडकी किल्ली. तो थांबून थांबून सोलत होता, मजा वाटायला लागली होती. पण वळणावर, शेताकडं डंपर उतरतात त्याच्या जरा अलीकडं, चुंबक खडखडलं. वळून बघितलं तर चौकोनी खिळे. काळे, वाकडी टोकं. एक नाही, मूठभर. आणि फक्त तिथंच. पुढं मागं एक नाही.

तो उकिडवा बसून बघत राहिला. राबिटातले नाहीत. राबिटातले खिळे गोल असतात, सिमेंट लागलेले. हे कुणीतरी आणून टाकलेत.

पंक्चर झाल्यावर फायदा कुणाचा? फाट्यावर दुकान कुणाचं? आणि ‘असला खिला गावायचा नाय’ असं हसत हसत म्हणालं कोण? हितेशच्या डोक्यात सगळं एकाला एक जुळलं, आणि जुळलं की त्याला थांबता येत नसे. त्यानं सायकल दामटली. चुंबक मागं उड्या मारत होतं. फाटा दिसायला लागला आणि मागचं चाक बसलं. एक खिळा त्यानं न बघता स्वतःच चिरडला होता. शेवटचा टप्पा तो सायकल ओढत पळाला.

बाळूच्या टपरीवर रिक्षावाले चहा पीत होते. हितेशनं खिळ्यांची मूठ फारूकचाचाच्या घमेल्यात फेकली. पाणी उडून चाचाच्या दाढीवर गेलं.

“घे! तुझेच हायत!”

“क्या हुआ? काय झाला?”

“रात्री टाकायचे, सकाली काढायचे. चांगला धंदा हाय चाचा!”

चाचानं पाण्यात हात घातला, एक खिळा काढला, बघितला. “बेटा, खुदा कसम...”

“कसम नको. वलनावरच कसे सापडतात? तुझ्या डब्यात पन हाय असलाच!”

“तो तुझ्याच चाकातला, तुझ्यासमोर काढला.”

“म्हनूनच म्हनत व्हता ना, सैतान हाय!”

टपरीतनं बाळू बोलला. मोठ्यानं नाही, ग्लास विसळता विसळता. “काय नवीन हाय त्यात? ही जातच तसली.”

रिक्षावाल्यातला एक हसला. बाकीच्यांनी चहात बघितलं.

हितेशला हे म्हणायचं नव्हतं. त्याच्या डोक्यातही नव्हतं. पण तोंड त्यानं उघडलं होतं आणि त्यातनं हे बाहेर पडल्यासारखं झालं. फारूकचाचा इतका वेळ त्याच्याकडं बघून बोलत होता. आता बोलायचा थांबला. बाळूकडं बघितलं नाही, हितेशकडंही नाही. घमेल्यातले खिळे एकेक वेचून त्यानं फडक्यावर ठेवले, फडकं हितेशच्या कॅरेजवर ठेवलं आणि पंपाची नळी गुंडाळायला लागला. एकाच ताडपत्रीच्या सावलीत बाळू आणि चाचा इतकी वर्षं धंदा करत होते, बाळूचा चहा चाचाच्या फळीवर न सांगता यायचा.

“पंक्चर...” हितेश म्हणाला. चाक बसलेलंच होतं.

“दुसरीकडं बघ. हितं नाय होनार.”

तो सायकल ढकलत घरी आला. आख्ख्या रस्त्यात रिम खडखडत होती. कॉलेजची पोरं परत येताना भेटली, हॉर्न मारून गेली.

उद्या सकाळी टोपली जायची तर पंक्चर स्वतःच काढायला हवं होतं. पडवीत त्यानं सायकल उलटी केली. टायर काढायला लिव्हर नव्हतं, दोन पळ्या घेतल्या. बादलीत ट्यूब दाबून धरली, बुडबुडे आले तिथं बोट ठेवलं. भोक मोठं होतं. चाचानं एकदा दिलेलं सोल्युशन डब्यात सुकत आलेलं होतं, पण होतं. ट्यूब घासायला काही खरखरीत पाहिजे म्हणून तो शोधायला लागला. आई विहिरीवर गेली होती. चुलीपाशी तिचा पाट. त्याच्या खडबडीत कडेवर घासून बघावं म्हणून त्यानं पाट उलटा केला.

पाटाला भोकं होती. लहानपणापासनं तो त्या भोकांत काड्या खुपसत आलेला. आजा, तुळशीराम, खाडीच्या बांधावरची उघाडी सांभाळायचा, भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांधात बसवलेलं लाकडी दार. उघाडी सडली तेव्हा आजानं ती मोडली, चांगली राहिलेली फळी घरी आणली आणि सुनेला बसायला पाट करून दिला. खिळे मात्र टाकले नाहीत. फळीतनं आरपार गेलेले, पाण्याच्या दाबानं निघू नयेत म्हणून मागनं ठोकून वळवलेले खिळे. आजानं ते एका डब्यात भरून माळ्यावर ठेवले होते.

भोकं चौकोनी होती.

हितेशनं बाजूला काढून ठेवलेल्या चाचाच्या फडक्यातनं खिळा घेतला आणि भोकात घातला. वाकड्या टोकापाशी जरा अडला. फिरवला. गेला. असा बसला जसा कधी निघालाच नव्हता.

तो माळ्यावर चढला. डबा होता. आत गंजाची पूड होती, दुसरं काही नाही.

आई कळशी घेऊन आली. उलटा पाट बघितला, त्यातला खिळा बघितला. कळशी खाली ठेवली, पण हात कळशीच्या गळ्यावरून काढला नाही.

“तू टाकलेस?”

तिनं दुसऱ्या हातानं पाटातला खिळा चाचपला.

“आय, तू टाकलेस रस्त्यावर?”

“डंपरसाठी,” ती म्हणाली. “चाकोरीतच टाकत व्हते मी. बरोबर मधे, डंपरचं चाक जातं तिथं. पहाटे पानी आनायला जाते तवा. तू कडेनं जातंस ना? तुला कसा लागंल?”

“डंपर चाकानं उडवतंय कडेला!” तो ओरडला. “आनि डंपरच्या टायरला हा खिला? माझ्या छातीएवढा टायर असतो तो! त्याला काय व्हतंय? तुझा खिला म्हनजे त्याला गुदगुल्या!”

“मना काय म्हाईत टायरचं?”

“मला इचारायचंस ना!”

“तुला सांगितलं असतं तर तू काकाच्या अंगावर गेला असतास.” तिनं पदर तोंडाला लावला नाही, रडली नाही. हितेशनं शेटला सांगितलं होतं ते खरंच होतं. “वाटलं, एक-दोन गाड्या बसल्या की डायवर यायचे बंद व्हतील. शेंगा भरूपरेंत तरी. तेवढंच.”

हितेशला फाट्यावरचं सगळं तिच्या अंगावर फेकायचं होतं. फारूकचाचा, घमेलं, बाळू. तोंडाशी आलं. मग त्यानं तिच्या पांढऱ्या तळव्यांकडं बघितलं आणि ते गिळलं. पाटातला खिळा उपटला, कडेवर ट्यूब घासली, सोल्युशन लावलं, फुंकर मारली, ठिगळ दाबून वर पाटाचाच पाय ठेवला.

“बस त्याच्यावर,” तो म्हणाला. “दाबलं पायजे.”

आई बसली. बराच वेळ ती ठिगळावर बसून होती आणि तो समोर उकिडवा.

सकाळी उजाडताच दोघं वळणावर गेली. दव पडलं होतं, धूळ बसली होती, खिळे काळे काळे दिसत होते. आई चाकोरीतले उचलत होती, तो कडेचे. पहिला डंपर आला तेव्हा ती बाजूला झाली, पण एक खिळा राहिला होता, टोक वर करून. ती तिथंच बघत उभी राहिली. डंपरची पुढची चाकं त्याच्यावरनं गेली. मागची गेली. डंपर खड्ड्यात जरा डुलला, राबिटाचं एक ढेकूळ मागं पाडून शेताकडं उतरला. डायवरनं हॉर्न मारला, रस्त्यात बाई उभी म्हणून.

खिळा मातीत दबून सपाट झाला होता. भामानं वाकून नखानं तो उकरला.

“खरंच काय झालं नाय,” ती म्हणाली. एवढंच. मग पदर खोचून शेतात उतरली आणि वालाच्या शेंगा ओरबाडायला लागली, भरलेल्या, न भरलेल्या, सगळ्याच. पलीकडं डंपरची ट्रॉली वर उचलली जात होती. हितेशला मधे पडून तिला थांबवावंसं वाटलं, का ते कळलं नाही. तोही ओरबाडायला लागला.

मग ती घाईनं घरी येऊन चुलीपाशी बसली. टोपली तयार झाली तेव्हा फडक्यातनं वाफ येत होती. ठिगळ धरून होतं. कॅरेजला टोपली आणि सायकलचा छोटा पंप, हँडलला शेंगांची पिशवी. तो कडेनं नाही, चाकोरीतनं गेला. मागनं डंपर वाजवत होता, वाजवू दे.

फाट्यावर बाळूची गर्दी होती. कालचेच रिक्षावाले. फारूकचाचा कुणाच्या तरी बाइकचं चाक खोलून बसला होता. हितेश उतरला, स्टँड लावला.

“चाचा.”

चाचानं मान वर केली नाही.

“ते खिले आमच्या घरचे हायत.” हे त्यानं टपरीकडं तोंड करून म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “उघाडीचे. मी भंगारात न्यायला काढलेले, पिशवी फाटली, रस्त्यात सांडले. मीच सांडले. ह्यांचा काय संबंध नाय.”

मग बाळूच फुटला.

“म्हनजे सोताच सांडायचे आनि सोताच पंक्चर व्हायचं? वर बोंबलत यायचं? आरं, शाला सोडलीस ते बरं केलंस बाबा, मास्तर वाचला!”

रिक्षावाले हसले. हसता हसता एकाला ठसका लागला. दुसरा म्हणाला, “चुंबक बांधून फिरत व्हता ना काल? सोताचेच खिले गोला करत व्हता!” पुन्हा सगळे.

हितेशची कानशिलं तापली. हाताशी पंप होता, काल असता तर फेकला असता. त्यानं पंप कॅरेजला नीट अडकवला. बाळूकडं बघून फक्त एवढंच म्हणाला, “हस. पन काल बोललास ते तू बोललास, मी नाय.”

बाळू ग्लास विसळायला लागला.

फारूकचाचा उठला. हात पुसले. “पिशवी फाटली?”

“हां.”

“रोज रोज फाटायची?”

हितेशनं हँडलची पिशवी सोडून फळीवर ठेवली. “आयनं दिल्यात. वालाच्या शेंगा. काही कवल्या हायत.”

चाचानं पिशवीत हात घातला. एक शेंग मोडली. आत दाणा धरलाही नव्हता, नुसती हिरवी पापडी. “इतक्या लवकर काढल्या?”

“हां.”

चाचा गावाच्या रस्त्याकडं बघत राहिला. वळणापलीकडं धुळीचा लोट उठत होता. मग मागं वळून त्यानं नटबोल्टचा डबा धुंडाळला आणि चौकोनी खिळा हितेशच्या हातावर ठेवला. “हा एक राहिला होता. अमानत. घरी दे.” आणि पाठ फिरवताना, चाकाकडं बघत, “हवा कमी हाय मागं. बस जरा.”

त्यानं नळी लावली. टायर फुगला, कडक झाला. हितेशनं खिळा खिशात टाकला, तो मांडीला टोचला. टोपलीवर तळवा ठेवून बघितला. अजून ऊन होती. बोलायचं बरंच होतं, पण चाचाशी नाही, आणि मग कुणाशी तेही कळत नव्हतं.

“चाचा, भाकऱ्या गार व्हतात,” तो म्हणाला. “निघतो मी.”